रोझा पार्क्स यांचं दप्तर घरबसल्या कसं वाचायचं: पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

रोझा पार्क्स म्हटलं की आपल्याला एकच प्रसंग आठवतो. 1 डिसेंबर 1955, अलाबामा राज्यातलं मंटगमरी शहर, संध्याकाळची बस, आणि गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणारी एक शिवणकाम करणारी काळी बाई. आमच्या वाचनालयात त्यांच्यावर तासभर बोलायचं मी कबूल केलं, तेव्हा माझ्या गाठीशीही एवढंच होतं. ताणून ताणून दहा मिनिटांचा ऐवज. उरलेल्या पन्नास मिनिटांच्या शोधात कळलं की बाईंची पत्रं, टिपणं, पावत्या, शुभेच्छापत्रं असं सगळं दप्तर वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि ते इंटरनेटवर कुणालाही फुकट पाहता येतं. व्हिसा नको, फी नको, कुणाची शिफारस नको.

तरी पहिले तीन आठवडे माझे वायाच गेले. दप्तर वाचणं आणि पुस्तक वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगणारं कुणी नव्हतं. तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

बसण्यापूर्वी जवळ काय हवं

- लॅपटॉप किंवा संगणक. मोबाईलवर हस्ताक्षर मोठं केलं की ओळीचं टोक हरवतं आणि चिडचिड होते.
- एक वही आणि नोंदींसाठी एक एक्सेल तक्ता. दोन्ही का, ते सातव्या पायरीत.
- बरा इंग्रजी शब्दकोश, शक्यतो अमेरिकन वापर देणारा.
- बाईंच्या आयुष्याचा एका पानाचा कालपट, स्वतःच्या हाताने लिहिलेला. जन्म 4 फेब्रुवारी 1913, टस्कीगी. 1932 मध्ये रेमंड पार्क्स या न्हाव्याशी लग्न. 1943 मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या मंटगमरी शाखेची चिटणीस. 1955 अटक, आणि त्यापाठोपाठ मंटगमरीतल्या काळ्या लोकांचा शहराच्या बसवर बहिष्कार. 1957 मध्ये डेट्रॉइटला स्थलांतर. 1965 ते 1988 अमेरिकेच्या संसदेचे (तिकडची काँग्रेस) सदस्य जॉन कॉनियर्स यांच्या कार्यालयात नोकरी. 1977 मध्ये रेमंड यांचा मृत्यू. 24 ऑक्टोबर 2005 रोजी बाईंचा मृत्यू.

हा कालपट समोर चिकटवून ठेवा. दप्तरातल्या पुष्कळ कागदांवर तारीखच नाही. ते कागद कुठे बसवायचे हे याच्याच आधाराने ठरतं.

1. आधी एका पत्रावर हात बसवा

थेट पार्क्स दप्तरात उडी मारू नका. सरावासाठी आपल्या ओळखीचं एक पत्र आहे. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना एक छोटं पत्र लिहिलं. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करत आहेत असं त्यांच्या वाचनात आलं होतं, आणि त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. ते पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या ड्यू बॉइस दप्तरात आहे आणि ऑनलाइन दिसतं.

ते उघडा आणि मजकूर वाचायच्या आधी सूचीतली तारीख बघा: ‘सुमारे जुलै 1946’. हे ‘सुमारे’ कुठून आलं? आता ड्यू बॉइस यांचं उत्तर उघडा. त्यावर 31 जुलै 1946 अशी नेमकी तारीख आहे. म्हणजे पत्राचा काळ उत्तरावरून बांधता येतो. दप्तर वाचायचं म्हणजे निम्मं काम हेच: एका कागदाची साक्ष दुसऱ्या कागदाकडून काढायची. वीस मिनिटांचा सराव आहे, टाळू नका.

2. शोधचौकटीत शब्द टाकू नका, सूची उघडा

माझे तीन आठवडे इथेच गेले. मी ‘बस’ हा शब्द टाकला, ढीगभर निकाल आले, आणि मी ते वरून खाली वाचत सुटले. कुठला कागद कुठल्या वर्षाचा, कुणी कुणाला लिहिलेला, काहीच लागेना.

प्रत्येक दप्तराला अभिलेखपालांनी तयार केलेली एक सूची असते. आपल्याकडे पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात आणि रुमालांना क्रमांक असतो. तिकडे रुमालाच्या जागी खोकं आणि खोक्यात फोल्डर. सूचीत आधी दप्तराची ओळख, मग व्यक्तीचा कालपट, मग विभाग आणि शेवटी खोकंनिहाय यादी. पार्क्स दप्तरात कौटुंबिक कागद, सर्वसाधारण पत्रव्यवहार, विषयवार कागद, लेखन-टिपणं-निवेदनं असे विभाग आहेत. सुमारे 7,500 कागद हस्तलिखित विभागात आणि सुमारे 2,500 फोटो छायाचित्र विभागात. काळ 1866 ते 2006, पण मुख्य भर 1955 ते 2000 वर. बाईंच्या जन्माच्या 47 वर्षं आधीपासूनचे कागद आहेत म्हटल्यावर लक्षात येईल की हे एका माणसाचं नव्हे, घराचं दप्तर आहे.

ऑनलाइन शीर्षकं भलतीच लांब असतात. एक फोल्डर आहे, त्याचं शीर्षक मराठीत साधारण असं होईल: लेखन, टिपणं आणि निवेदनं, सुरुवातीच्या लेखनाचे मसुदे, अटकेचे आणि नंतरच्या बहिष्काराचे वृत्तांत, तसंच दक्षिणेतल्या वंशसंबंधांवरचे विचार, अमुक फोल्डर. डावीकडून वाचत गेलात की पत्ता कळतो: विभाग, उपविभाग, विषय, फोल्डर. घाबरायचं कारण नाही, आपला पोस्टाचा पत्ता उलटा लिहिलाय असं समजा.

सापळा असा की शीर्षक फोल्डरचं असतं, आतल्या प्रत्येक कागदाचं नसतं. एका शीर्षकाखाली पंचवीस वेगवेगळे कपटे असू शकतात. पहिलं चित्र पाहून ‘हेच ते’ म्हणत बंद करू नका.

आणखी एक. हे दप्तर बाईंनी स्वतः लावून कुणाच्या हवाली केलेलं नाही. त्यांच्या मृत्यूनंतर वारसाहक्काचा वाद झाला, खोकी काही वर्षं न्यूयॉर्कच्या एका लिलावगृहात पडून होती. 2014 मध्ये हॉवर्ड बफे फाउंडेशनने ती विकत घेऊन लायब्ररीकडे आधी उसनी ठेवली आणि 2016 मध्ये कायमची भेट दिली. तेव्हा दोन कागद एका फोल्डरमध्ये शेजारी आहेत म्हणून बाईंनीच ते जवळ ठेवले असतील असा निष्कर्ष काढू नका.

3. प्रत्येक कागद उलटा करून बघा

एवढी एकच पायरी लक्षात राहिली तरी चालेल.

पार्क्सबाई कागद फुकट घालवत नसत. आपल्या आज्या लग्नपत्रिकेच्या मागे वाण्याची यादी करायच्या, त्यातलाच प्रकार. एका पाकिटाच्या मागे पॅनकेकची कृती आहे: पीठ, बेकिंग पावडर, मीठ, साखर, अंडं, दूध, आणि या सगळ्यात चक्क पीनट बटर. वर नाव दिलंय ‘फेदरलाइट’, म्हणजे पिसासारखे हलके. भाषणात मी ही कृती वाचून दाखवली तेव्हा सभागृह पहिल्यांदा जागं झालं. बसच्या गोष्टीला तोवर कुणी मान वर केली नव्हती.

कागदाच्या पाठीवरून काय कळू शकतं? काळ. पुढच्या बाजूला तारीख नसेल, पण मागे एखाद्या कार्यक्रमाची पत्रिका, बिल किंवा संस्थेचं छापील नाव असेल, तर मजकूर त्यानंतरचा हे नक्की. परिस्थितीही कळते. अटकेनंतर काही आठवड्यांतच, जानेवारी 1956 मध्ये, बाईंची दुकानातली नोकरी गेली. पुढची कित्येक वर्षं ओढगस्तीची होती, आणि दप्तरात प्राप्तिकराचे कागदही आहेत. पुतळ्यापाशी उभं राहून हे कळत नाही, कर विवरणपत्रात कळतं.

म्हणूनच पावत्या ओलांडून जाऊ नका. उदाहरण घ्या पोल टॅक्सच्या पावतीचं. मी आधी तिच्याकडे घरपट्टीच्या पावतीसारखं बघितलं. मग समजलं की अलाबामात मत द्यायचं तर वर्षाला दीड डॉलर कर, आणि तोही एकविसाव्या वर्षापासूनच्या थकबाकीसकट. पार्क्सबाईंची मतदार म्हणून नोंद झाली 1945 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. अकरा वर्षांचे साडेसोळा डॉलर भरावे लागले. एक पावती समजून घेतली आणि माझी सात मिनिटं तिथेच भरली.

ऑनलाइन पाहताना पाठीची बाजू पुढच्या चित्रात असते. बाण दाबत राहा. कोरी पाठ दिसली तरी ‘पाठ कोरी’ अशी नोंद करा, म्हणजे चार महिन्यांनी पुन्हा शंका येणार नाही.

4. अक्षर लागत नसेल तर

बाईंचं अक्षर तसं सरळ आहे, पण जोडून लिहिलेलं इंग्रजी वाचायची आपली सवय मोडली आहे. मोडी शिकताना करतात तेच करा: आधी तारखा, नावं, ‘प्रिय’ आणि ‘आपली’ असे ठरलेले शब्द हेरा, त्यातून अक्षरांची ओळख पटवा आणि मग अवघड शब्दाकडे या.

आधारही आहे. लायब्ररीच्या ‘बाय द पीपल’ या उपक्रमात स्वयंसेवकांनी पार्क्स दप्तरातल्या कागदांचं लिप्यंतर केलं आहे आणि ते चित्राबरोबर वाचता येतं. जरूर वाचा, पण उद्धृत करण्यापूर्वी मूळ चित्राशी ताडा. खोडलेले शब्द विशेष बघा. बाईंनी काय लिहून काट मारली, यात कधीकधी छापलेल्या वाक्यापेक्षा जास्त असतं.

5. तारखा, शब्द आणि ‘मी’

या तीन ठिकाणी जवळपास प्रत्येक नवा वाचक पडतो.

अमेरिकन तारखेत महिना आधी येतो. 12/1/55 म्हणजे 1 डिसेंबर, 12 जानेवारी नव्हे. माझ्या पहिल्या तक्त्यात या एका चुकीमुळे बहिष्कार सुरू होण्यापूर्वीच लोक बहिष्काराबद्दल बोलत होते! हा बहिष्कार 381 दिवस चालला आणि 20 डिसेंबर 1956 ला संपला. तुमच्या तक्त्यातली तारीख या चौकटीत बसते का, ते तपासत चला.

शब्दांचं म्हणाल तर जुन्या कागदांत ‘निग्रो’ आणि ‘कलर्ड’ हे शब्द सर्रास येतात, काळ्या लोकांच्या स्वतःच्या लिखाणातही. अवतरणात ते तसेच ठेवा, आपल्या वाक्यात ‘काळे’ किंवा ‘आफ्रिकन-अमेरिकन’ लिहा. ‘रोझा’ असा एकेरी उल्लेखही मी टाळते. त्या काळी दक्षिणेतले गोरे लोक काळ्या बायकांना वय न बघता पहिल्या नावाने हाक मारत, ‘मिसेस’ लावत नसत. चळवळीतली माणसं मात्र त्यांना ‘मिसेस पार्क्स’ म्हणत. मराठीत ‘पार्क्सबाई’ चपखल बसतं.

तिसरं, लिखाणात ‘मी’ आलं की आत्मकथन समजायची घाई. दप्तरात एक हस्तलिखित आहे: घरकाम करणाऱ्या तरुण काळ्या मुलीवर एक गोरा माणूस जबरदस्ती करू पाहतो आणि ती त्याला ठामपणे अडवते. ती आठवण आहे की कथा, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. असा कागद वापरताना ‘पार्क्सबाईंनी लिहिलेल्या मजकुरात’ एवढंच म्हणा, ‘पार्क्सबाईंवर आलेला प्रसंग’ म्हणू नका.

याउलट अटकेबद्दलचं टिपण बघा. आयुष्यभर आपल्याला ढकललं गेलं आणि त्या क्षणी वाटलं की आता सहन होणार नाही, असं त्या लिहितात. आम्हाला असं का ढकलता, हे पोलिसाला विचारलं तर तो म्हणाला, मला ठाऊक नाही, कायदा तो कायदा, तुम्हाला अटक आहे. ‘बाई दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत’ ही लाडकी गोष्ट या टिपणापुढे टिकत नाही. वय बेचाळीस, आणि चिटणीसपदाच्या कामाला बारा वर्षं झाली होती.

6. चर्चची बाजू सोडू नका, आणि शब्द मराठी ख्रिस्ती घरातले वापरा

आपल्याकडे पार्क्सबाईंचं चर्च बहुधा गाळलं जातं. त्या आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या. गोऱ्यांच्या चर्चमधल्या भेदभावाला कंटाळून बाहेर पडलेल्या काळ्या मेथडिस्ट लोकांचा हा पंथ, 1816 मध्ये फिलाडेल्फियात रिचर्ड ॲलन यांच्या पुढाकाराने उभा राहिला. बाई मंटगमरीत सेंट पॉल चर्चला जात, डेट्रॉइटला सेंट मॅथ्यू चर्चमध्ये डीकनेस, म्हणजे चर्चच्या सेवेचं पद सांभाळणाऱ्या, होत्या.

सापळा: याच्याशी मिळतंजुळतं नाव असलेला ‘झायन’ शब्दाचा दुसरा पंथ आहे. 5 डिसेंबर 1955 ला बहिष्कार चालवणारी मंटगमरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन स्थापन झाली ती माउंट झायन चर्चमध्ये, ते या दुसऱ्या पंथाचं. त्याच रात्रीची मोठी सभा झाली होल्ट स्ट्रीटच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये. आणि मार्टिन ल्यूथर किंग पाळक (चर्चचे उपदेशक) होते डेक्स्टर ॲव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चचे. एका दिवसाच्या हकिगतीत तीन पंथ. मी सुरुवातीला सगळ्यांची एकच मोट बांधली होती.

भाषांतर करताना ‘धर्मगुरू’ किंवा ‘पुजारी’ नको. अहमदनगर, सोलापूर, नागपूरकडच्या प्रॉटेस्टंट घरांत रूढ असलेले शब्द तयार आहेत: पाळक, मंडळी (म्हणजे चर्चचा समुदाय), उपासना. माझ्या एका ख्रिस्ती मैत्रिणीने मसुदा वाचून ‘चर्चचे सदस्य’ खोडून ‘मंडळी’ केलं आणि परिच्छेदाचा सूरच बदलला.

7. नोंद तिथल्या तिथे

‘नंतर लिहू’ म्हणालात की कागद हरवला. वहीत आपले विचार, तक्त्यात कागदाचा पत्ता. तक्त्याचे रकाने: विभाग, खोकं, फोल्डर, चित्र क्रमांक, तारीख (नक्की की अंदाजे), कुणाकडून कुणाला, पाठीवर काय. उतरवलेल्या फाइलचं नाव तिथे मिळतं तसं ठेवू नका, आपला क्रमांक द्या.

लेखात पत्ता असा द्या: रोझा पार्क्स पेपर्स, मॅन्युस्क्रिप्ट डिव्हिजन, लायब्ररी ऑफ काँग्रेस, वॉशिंग्टन डी.सी., मग खोकं आणि फोल्डर. नुसतं ‘इंटरनेटवरून साभार’ लिहिलं तर वाचणाऱ्याला तो कागद पुन्हा सापडणार नाही.

8. हक्क

कागद लायब्ररीचा आहे म्हणजे मजकुराचा हक्कही लायब्ररीचा, असं नाही. अभ्यासासाठी वाचणं, थोडकं उद्धृत करणं ठीक. पण एखादं आख्खं पत्र भाषांतर करून पुस्तकात छापायचं असेल, तर संग्रहासोबत दिलेलं हक्कांचं निवेदन वाचा आणि हक्कदाराची लेखी परवानगी घ्या. फोटोंचं प्रकरण आणखी नाजूक: ते वेगवेगळ्या छायाचित्रकारांचे आहेत. काही फोटो लायब्ररीच्या आवाराबाहेर अगदी छोट्या आकारातच दिसतात, ते याच कारणाने. तुमचं इंटरनेट बिघडलेलं नाही.

9. अडलात, किंवा प्रत्यक्ष जायचं ठरवलंत

आधी ‘आस्क अ लायब्रेरियन’ या सेवेकडे लिहा, फुकट आहे. ‘पार्क्सबद्दल सगळं पाठवा’ असं विचारू नका. खोकं आणि फोल्डर देऊन एकच नेमका प्रश्न विचारा.

कुणी मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला जाणार असाल तर हस्तलिखितांचं वाचनदालन वॉशिंग्टनच्या जेम्स मॅडिसन इमारतीत आहे. लागेल ते असं:

- मूळ पासपोर्ट. छायाप्रत चालत नाही.
- रीडर कार्ड. सोळा वर्षांवरील कुणालाही मोफत, तिथेच काढून मिळतं. अर्ज आधी ऑनलाइन भरून ठेवा.
- पाहायच्या खोक्यांची छापील यादी.
- पेन्सिल. बॅग आणि कोट बाहेर ठेवावे लागतात.

मात्र एक ध्यानात घ्या. जे कागद ऑनलाइन आहेत त्यांचे मूळ कागद सहसा हातात देत नाहीत, आणि पार्क्स दप्तर ऑनलाइनच आहे. नुसत्या त्यासाठी तिकीट काढू नका.

10. एका माणसाचं दप्तर एकाच गावात नसतं

पार्क्सबाईंनी स्वतः हयातीत दिलेले काही कागद डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात, वॉल्टर रॉयथर ग्रंथालयात आहेत. दोन्ही सूच्या शेजारी ठेवा. जुलै-ऑगस्ट 1955 मध्ये हायलँडर फोक स्कूल या कार्यकर्त्यांना शिकवणाऱ्या शाळेच्या शिबिरात त्यांना भेटलेल्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांचं दप्तर चार्ल्सटनला, एव्हरी संशोधन केंद्रात आहे.

आणि एक दप्तर आपल्या अंगणापर्यंत येतं. जेम्स लॉसन, मेथडिस्ट पाळक, कोरियाच्या युद्धात सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेले, 1953 ते 1956 नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. मंटगमरीतल्या बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरात वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर त्यांनी नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचं शिक्षण दिलं, त्यापायी 1960 मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं, आणि आज त्यांचे कागद त्याच व्हँडरबिल्टने जपून ठेवले आहेत. लॉसन 2024 मध्ये वारले. त्या दप्तराची सूची वाचताना वर सांगितलेलीच पद्धत वापरा.

पण नागपूरकरांना आणखी एक काम आहे, आणि ते व्हँडरबिल्टला जमणार नाही. त्या तीन वर्षांत तुमच्या घरातलं कुणी हिस्लॉपला शिकत किंवा शिकवत असेल, तर माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याच्या हाती लागण्याआधी एकदा उघडा. कॉलेजचं वार्षिक, सामन्याचा गटफोटो, निरोपसमारंभाची पत्रिका, काहीही निघेल. फोटो निघाला तर तो उलटा करा, घरातल्या जुन्या माणसाला शेजारी बसवा आणि आठवतील ती नावं मागे हलक्या हाताने लिहा. पेनने नको, पेन्सिलीने. दाब दिलात तर पुढच्या बाजूला चेहऱ्यांवर रेघा उमटतात.